अंबूबाईचा कोपरा आणि माझी खुटी

मी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. भावाभावांच्या बांधावर उभा राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, उसाच्या फडात साखळी ओढताना हातपाय चिरून घेतले, पण फूटभर जमीन इकडची तिकडं केली असं माझ्याबद्दल कुणी म्हटलं नाही. कृष्णात मोजणीदार म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, असं खात्यात म्हणायचे आणि मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात तेच म्हटलं, तेव्हा मी खाली बघून हार घालून घेतला. खाली का बघितलं, हे त्या मांडवात एकट्या मला माहीत होतं. माझ्याशिवाय ते माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते त्या वेळी शहराच्या जुन्या वेशीबाहेरच्या दफनभूमीत खराट्यानं पाला लोटत असणार. तिचं नाव अंबूबाई. लिहायचंय ते तिच्याबद्दल. मधेमधे मी येणार, त्याला इलाज नाही.

ती दफनभूमी गावाइतकीच जुनी, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. दप्तरात मी पाहिलेला सगळ्यात जुना कागद मोडीतला आहे आणि त्यात एवढंच आहे, की वेशीबाहेर पाणंदीच्या डाव्या हाताला मुर्दे पुरण्याची जागा. आधी तिथं गोसाव्यांच्या समाध्या होत्या. त्यातल्या चार अजून आहेत, चुना गळालेल्या. मग काही लिंगायत घरांची माणसं तिथं आली. प्लेगच्या साली तर लाकूड पुरेना, तेव्हा ज्यांच्यात जाळतात त्यांचीही माणसं तिथं रांगेनं पुरली, असं जुने लोक सांगत. त्या रांगेवर आता नुसतं गवत आहे. पुढं वेस पडली, पाणंदीचा डांबरी रस्ता झाला, समोर टायरची दुकानं लागली. मोठ्या माणसांची सोय दुसरीकडं झाली. जुन्या जागेत येत राहिली ती फक्त तान्ही बाळं. दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. रस्त्याकडचा एक कोपरा त्यांचा होता.

त्या कोपऱ्यात दगड लावायचा नाही, नाव लिहायचं नाही, रोप लावायचं नाही. बाप नाहीतर चुलता टॉवेलात गुंडाळून आणणार, अर्ध्या तासात सगळं उरकणार आणि मागं न बघता निघून जाणार. आईनं यायचं नाही, आणि तिला जागाही सांगायची नाही. सांगितली की तिचा पाय तिथंच घोटाळतो, पुढच्या लेकरात जीव लागत नाही, असं म्हणतात. कुणी ठरवलं ठाऊक नाही. बायकांना विचारून ठरवलं नव्हतं एवढं नक्की.

अंबूबाई तिथं आली ती सोळाव्या वर्षी, तिथल्या राखणदाराशी लग्न होऊन. मुलाला सरकारी काम आहे आणि जागा ऐसपैस आहे, एवढंच तिच्या बापानं तिला सांगितलं होतं. जागा खरोखरच ऐसपैस होती. पहिले आठ दिवस ती रडली. नवव्या दिवशी समाधीच्या विटा काढून नेणारा एकजण तिला दिसला, त्याला तिनं कुदळीच्या दांडक्यानं रस्त्यापर्यंत पिटाळला, आणि त्यानंतर तिचं रडू थांबलं. हे ती हसत सांगायची. नवरा काविळीनं गेला तेव्हा पदरात एक लेक होती. कुदळ तिनं उचलली. बाईमाणसानं हे काम करायचं नसतं असं म्हणणाऱ्या मुकादमापुढं तिनं कुदळ धरली आणि मग तू खण म्हणाली. मुकादम परत फिरला. दारूड्यांना, गोट्या खेळणाऱ्यांना, वाट जवळची पडते म्हणून मोटारसायकल आत घालणाऱ्यांना ती एका मापानं झोडपायची. तिच्या शिव्या टायरच्या दुकानातल्या लोकांना पाठ होत्या.

बाळासाठी खड्डा खणताना मात्र ती तोंडातून शब्द काढायची नाही. दोन हात खोल, कुत्र्यानं उकरू नये इतका. वर माती सारखी करून हातानं थोपटायची. खूण ठेवायची नाही, पण तिच्या डोक्यात प्रत्येक जागा पक्की असायची. ती बापावरून लक्षात ठेवायची. हा चष्मेवाला, हा सायकलवरनं आलेला, हा पाणी मागून न पिता गेलेला. गुरुवारी चहातलं अर्धं दूध वाटीत घेऊन ती त्या कोपऱ्यातनं फिरायची, बोटानं थेंब थेंब शिंपडत. एवढ्या दुधात एवढ्यांचं काय होणार, असं मी एकदा मनात म्हटलं होतं. मोजणीदाराचं मन तसलंच.

१९८९ च्या श्रावणात मी माझी मुलगी तिथं नेली. अकरा दिवसांची होती. बायको, संयोगिता, अजून दवाखान्यात होती. अंबूबाईनं माझ्या हातातून मुलगी घेतली तेव्हा माझे हात तसेच पुढं राहिले, ते तिनं मनगटाला धरून खाली केले. ‘‘जावा आता, पावणं,’’ ती म्हणाली. एवढंच.

संयोगितानं घरी आल्यावर विचारलं, कुठं ठेवली. रोज विचारायची. मी सांगितलं, संगमावर नदीत सोडली. पाण्याला जागा नसते, म्हणजे प्रश्नच मिटला, असा माझा हिशेब. तो साफ चुकला. त्या वर्षापासून दर कार्तिकी पौर्णिमेला ती पंचगंगेत एक दिवा सोडत आली आहे. मी तिच्या चपला सांभाळत पायऱ्यांवर उभा राहतो. पुढं आम्हाला मुलगा झाला, तो मोठा झाला, पुण्याला गेला. दिवा चालूच राहिला, आणि माझं खोटंही.

२०११ च्या मार्चमध्ये त्या दफनभूमीची मोजणी माझ्याकडं आली. एका संस्थेला रस्त्याकडेला सभागृह बांधायचं होतं आणि आतली मोकळी जागा किती, हे वरच्यांना नकाशावर हवं होतं. रीत साधी होती. थडगं, समाधी, चौथरा दिसतो ते दफन, बाकीचं मोकळं. शंका आली तर राखणदाराला पंचांसमोर विचारायचं, तो म्हणेल ते लिहायचं आणि अंगठा घ्यायचा. माझ्याबरोबर शिपाई होता बाळासो, संयोगिताचा चुलतभाऊ. मीच त्याला खात्यात चिकटवलेला. माणूस कष्टाळू, पण तोंडात तीळ भिजत नाही.

मी साहेबी आवाजात अंबूबाईला विचारलं, या कोपऱ्यात काय आहे? तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाळासोकडं, मग पंचांकडं. शेण्या गोळा करायच्या निमित्तानं, शेळीला पाला न्यायच्या निमित्तानं आया त्या कोपऱ्यात यायच्या आणि सहज विचारल्यासारखं तिला हेच विचारायच्या. त्यांना देऊन देऊन एक उत्तर तिच्या तोंडात बसलं होतं. तेच तिनं मला दिलं.

‘‘काय न्हाय हितं,’’ ती म्हणाली. ‘‘नुसतं गवात हाय.’’

एका वाक्याचं काम होतं. इथं लहान मुलं पुरलेली आहेत, मला माहीत आहे, असं म्हटलं असतं की झालं. पण कसं माहीत, हे बाळासोनं दिवस मावळायच्या आत संयोगिताच्या कानावर घातलं असतं. मी मूग गिळून बसलो आणि शेरा लिहिला: मोकळी जागा. अंबूबाईनं अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

इथंच थांबलो असतो तर माझ्या पापाला निदान भित्रेपणाचं नाव देता आलं असतं. पण मी थांबलो नाही. विहिरीच्या कोपऱ्यापासून रस्त्याच्या भिंतीपर्यंत दफन आणि मोकळं यांच्यामधली हद्दीची रेघ सरळ जात होती, आणि माझी मुलगी त्या रेघेच्या पलीकडं, मोकळ्या जागेत येत होती. चार मीटरनं. मी बाळासोला म्हणालो, इथं जमीन भुसभुशीत आहे, खुटी जरा पलीकडं ठोक. त्यानं ठोकली. रेघ तेवढ्यापुरती वाकली आणि माझी मुलगी दफनभूमीत राहिली. बाकीची लेकरं सभागृहाकडं गेली. अंबूबाई विहिरीजवळ उभी होती, खुटीकडं बघत.

नकाशा दप्तरात बारा वर्षं पडून राहिला. तोपर्यंत लोक त्या कोपऱ्यात बाळं आणतच होते. कागदावर काय आहे ते त्यांना कुठलं माहीत. अंबूबाईलाही वाटलं असणार, झालं गेलं, कोण बांधतंय. मी राजारामपुरीला जाताना त्या रस्त्यानं जायचं टाळायचो, आणि जावंच लागलं तर टायरच्या दुकानांकडं बघायचो.

२०२३ मध्ये जेसीबी आला. निम्म्या कोपऱ्याचा पाया दोन दिवसांत खणून झाला, चौथऱ्याचं काँक्रीट पडलं. तिसऱ्या दिवशी उरलेल्यात बकेट गेली आणि मातीत काय वर आलं ते बघून ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. तो खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसला, परत चढला नाही. दुपारपर्यंत बायका जमल्या. त्यात स्नेहल नावाची एक तरणी बाई होती, क्लासमध्ये गणित शिकवणारी. तिचं बाळ चार वर्षांमागं तिथं आणलं होतं. नवऱ्याला आणि सासऱ्याला नक्की जागा आता सांगता येईना. संस्थेच्या माणसांनी बायकांना जुना पंचनामा दाखवला होता. तिनं अंबूबाईला दंडाला धरून विचारलं, कितीला विकलास? पंचनाम्यावरचा अंगठा तुझाच नव्हं? अंबूबाई म्हणाली, व्हय, माझाच. पुढं एक अक्षर नाही. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळच्या आत तो सगळ्या कोल्हापूरनं बघितला.

आमच्या घरीही बघितला. मी चहात खारी बुडवत होतो. संयोगितानं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, काय बाई म्हणायची ही, लेकरं विकली. मी म्हणालो, हं. खारी चहात पडली, ती चमच्यानं काढून खाल्ली.

अंबूबाईचं काम गेलं, खोपटं खाली करायला सांगितलं. बिद्रीला दिलेली लेक येऊन तिला घेऊन गेली. जागेवरून सुनावणी सुरू झाली. पहिल्या सुनावणीला मी गेलो, शेवटच्या बाकावर बसलो, ‘राखणदार बाईच्या सांगण्यावरून’ हे शब्द तीनदा ऐकले आणि घरी आलो. जेवण जाईना. संयोगितानं साखर तपासून आणली.

शेवटी एका सोमवारी मी एसटीनं बिद्रीला गेलो. अंबूबाई लेकीच्या घरामागच्या परड्यात शेंगा फोडत बसली होती. फार वाळली होती. मी पायरीवर बसलो आणि म्हणालो, मावशी, सुनावणीत मी साहेबांपुढं खरं सांगतो. ती शेंगा फोडत राहिली. मी विचारलं, एवढं सगळं झालं, तरी माझं नाव का घेतलं नाही?

‘‘आलेल्या बापाचं नाव घ्यायचं नसतंय,’’ ती म्हणाली. ‘‘एकाचं घेतलं की समद्यांचं घेतल्यागत हुतंय. माझं काय, मी आज हाय उंद्या न्हाय. पर कोण कुटं हाय ते माझ्यासंगं जाईल. तेवढं उतरून घ्या.’’

म्हणजे तिला तिचं नाव धुऊन निघण्याची पडली नव्हती. तिला तो कोपरा कुणाच्या तरी हातात द्यायचा होता, आणि द्यायला माझ्यासारखाच माणूस तिच्यापुढं बसला होता. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

घरी येऊन मी संयोगिताला सांगितलं, आपली पोरगी नदीत नाही. ती तिथं आहे. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. खुटीचं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ताट ठेवताना म्हणाली, ‘‘त्या म्हातारीला मी शिव्या घातल्या. तुमी घालू दिलासा.’’ चौतीस दिव्यांबद्दल ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सुनावणीला मी उभा राहिलो. जागा मोकळी नव्हती हे मला माहीत होतं, माझं स्वतःचं लेकरू तिथं आहे, बाईचा दोष नाही, असं मी बोललो. माझ्यावर चौकशी लागली, ती लागायलाच हवी होती. पण बाहेर आल्यावर लोकांनी मला पाठीवर थोपटलं. एका म्हाताऱ्यानं हात हातात घेतला आणि म्हणाला, बायकोसाठी एवढी वर्षं उरात ठेवलंस बाबा. स्नेहलनं वाकून नमस्कार केला. मी तो घेतला. मघाशी साहेबांपुढं वाटली नव्हती तेवढी लाज त्या नमस्कारानं वाटली, कारण बायकोपासून लपवणारा नवरा लोकांना कळत होता. आपलं लेकरू राखून दुसऱ्यांची सोडणारा बाप त्यांना मी दाखवलाच नव्हता.

हुकूम झाला, की काम थांबवावं, उरलेला कोपरा दफनभूमीत घ्यावा, आणि राखणदार बाई दाखवेल त्याप्रमाणे जागांचा नकाशा करावा. झालेल्या चौथऱ्याचं काय करायचं ते मागून बघू. मोजणी मी फुकट करून देतो म्हणालो. चौकशीतल्या माणसाला कोण ठेवणार, पण सरकारी मोजणीदारासोबत मदतनीस म्हणून मला येऊ दिलं. तो राजवीर नावाचा, मशीनवर मोजणारा मुलगा, सकाळी हद्दीचे बिंदू घेऊन दुसऱ्या कामावर गेला. आतल्या जागा टेपनं मीच घ्यायच्या होत्या. टेपचं दुसरं टोक धरायला संयोगिता आली. मी नको म्हणालो नाही.

जानेवारीची सकाळ होती. अंबूबाईला जावयानं गाडीतनं आणलं. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि दर वेळी खुर्ची उचलून पुढं ठेवली. ती बोट दाखवायची, मी मोजायचो, नकाशावर नुसता आकडा टाकायचो. हितं सायकलवाला. हितं दोघं भाऊ आलते, दोगंबी रडत हुते. हितं जुळी. एकदाही अडखळली नाही. एकदा मी टेप चुकीच्या बाजूला धरला तेव्हा खेकसली, पूर्वी दारूड्यांवर खेकसायची तशी, आणि मला फार बरं वाटलं. फाटकाबाहेर टायरच्या दुकानाच्या बाकड्यावर सात-आठ बायका बसल्या होत्या, त्यात स्नेहल. बायकांनी आत यायचं नाही हे आता कुणी पाळत नव्हतं, पण कुणाचं पाऊलही उचलत नव्हतं.

ब्याऐंशी जागा झाल्या. त्र्याऐंशीव्या जागेवर अंबूबाईनं खुर्ची ठेवायला लावली आणि संयोगिताकडं बघितलं.

‘‘ही अकरा दिवसांची,’’ ती म्हणाली.

संयोगिता टेप सोडून खाली बसली. तिनं गवतावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. मी नकाशावर त्र्याऐंशी लिहिलं. मग दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून अंबूबाईला म्हणालो, मावशी, पुढं? पुढं दीड हातावर चौथऱ्याची कडा होती.

‘‘फुडं काँक्रीटखाली चाळीस हाईत,’’ अंबूबाई म्हणाली. ‘‘जागा मी दावतो. पर आयांना तुमी सांगायचं. खुटी तुमी हलवलासा. मी हिरीजवळ हुतो की.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. बाराएक वर्षं तिनं ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं आणि आता माझं मला परत केलं, इतकंच.

संयोगितानं मान वर केली. कुठली खुटी, तिनं विचारलं. ती मोजणीदाराची बायको; घरातल्या टेबलावर नकाशे वाळत पडलेले तिनं उभा जन्म बघितलेत. तिनं विहिरीकडं बघितलं. विहिरीपासून चौथऱ्याची कडा सरळ येत होती, ती बसली होती तिथं आत वळत होती आणि तेवढी जागा सोडून परत सरळ जात होती. मी इतका हलकट, की त्या क्षणी मला वाटलं, कदाचित हिला बरं वाटेल. आपल्या पोरीसाठी निदान एवढं केलं म्हणेल.

‘‘आपली तेवढी राखलासा,’’ ती म्हणाली. ‘‘त्या बाहेर बसल्यात त्यांनी काय केलंतं?’’

मग तिनं गवतावरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला, तिथं हात ठेवायचा आपल्याला आता हक्क नाही अशा तऱ्हेनं. ते मला बघवलं नाही. चौतीस वर्षांनी तिला तिची मुलगी मिळाली होती, आणि मी तीही नासवून दिली होती.

अंबूबाई म्हणाली, त्या गणितवाल्या पोरीचं पलीकडच्या दुसऱ्या खांबाखाली आहे. मी नकाशा गुंडाळला, परत उलगडला. संयोगिता माझ्याकडं न बघता म्हणाली, जावा.

तिथून फाटकापर्यंत एकशे दहा पावलं आहेत. मला येताना बघून स्नेहल बाकड्यावरनं उठली. मी हसून काही सांगणार असं तिला वाटलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

‘‘सापडलं का, काका?’’ तिनं विचारलं.

बाकीच्या बायकाही उठल्या. मी त्या सगळ्यांना बसायला सांगितलं आणि आधी खुटीचं सांगितलं.